देण्यातली साडी

बारामतीच्या बाजारात साडीच्या दुकानाची पायरी चढलं की गादीवरचा माणूस पाण्याचं विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, नेसायला का द्यायला? नेसायला म्हटलं तर तो मागच्या कपाटांकडे वळतो. द्यायला म्हटलं तर वळायची तसदी घेत नाही, हात लांब करून जवळचाच एक गठ्ठा पुढे ओढतो. पिशवीवर हसऱ्या बाईचा फोटो, आत भडक रंग आणि त्याहून भडक जर. कापडावरून हात फिरवला तर ते हाताच्या भेगांना अडकतं. तुम्ही रंग बघत नाही, तोही उलगडून दाखवत नाही. किती नग पाहिजेत तेवढं बोलणं होतं आणि गठ्ठा बांधला जातो. हिला आमच्याकडे देण्यातली साडी म्हणतात.

देण्यातली साडी नेसत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण ती नेसून दारात उभी राहिलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही. लग्न, बारसं, वास्तुशांत, डोहाळजेवण, कुठलंही कार्य असो, ही साडी मिळते, घरी येऊन कपाटात पडते आणि पुढचं कार्य निघालं की पिशवीवरची धूळ पुसून दुसऱ्या घरी जाते. आमच्याच घरातून गेलेली एक साडी फिरत फिरत आमच्याच घरी परत आली होती. पिशवीच्या कोपऱ्यावर आमच्या मंडळींच्या हळदीच्या बोटाचा डाग होता, त्यावरून त्यांनी ओळखली. लेक माहेरपणाला आली, म्हणाल्या. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता मला त्याचं हसू येत नाही. कुणीही कधीच नेसणार नाही असं कापड करायला कुठंतरी गिरण्या रात्रंदिवस चालतात, ट्रकांतून गठ्ठे येतात, दुकानं भरतात, आणि आपण सगळे शहाणे म्हणवणारे लोक ते या कपाटातून त्या कपाटात नेऊन ठेवतो, याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

मी काही विचारवंत नाही. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी जळतात त्या खोलायच्या आणि आतली तार नव्यानं भरायची, हे माझं काम. जन्म पणदऱ्याचा, दुकान बारामतीत आणि घर आता जळोचीला. मोटारी का जळतात याची कारणं पूर्वी ठरलेली होती, वीज कमीजास्त झाली, नाहीतर पाणी आटून मोटार कोरडी फिरली. गेली काही वर्षं एक नवं कारण आलं आहे. पंप खोलला की आतल्या पंख्याभोवती साडी सापडते. सबंध नाही, चिंध्या आणि दोरे, इतके घट्ट गुंडाळलेले की ब्लेडनं कापून काढावे लागतात. रंग मात्र जसाच्या तसा असतो, पाण्यात कितीही दिवस राहिला तरी.

ती तिथं कशी पोहोचते ते सरळ आहे. हातोहात फिरून साडीची घडी मोडली, पिशवी फाटली की ती द्यायलाही जमत नाही. मग ती रानात जाते. पिंपळीकडे, पणदऱ्याकडे मक्याभोवती डुकरं येऊ नयेत म्हणून साड्यांचं कुंपण बांधतात. इंदापूरकडे डाळिंबाला ऊन लागून फळावर चट्टे पडू नयेत म्हणून झाडावर साडी पांघरतात. उन्हाळ्यात त्या बाजूनं गेलात तर रानंच्या रानं लाल, पिवळी, जांभळी दिसतात, बघणाऱ्याला वाटेल कसला तरी सण आहे. दोन उन्हाळ्यांत त्या साडीच्या चिंध्या होतात. वाऱ्यानं त्या ओढ्यात जातात, ओढ्यातून नदीत, आणि तिथून माझ्या दुकानात. त्यावर माझंही पोट चालतं, हेही खरंच आहे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, इंदापूर तालुक्यात दिली होती. उजनीचं पाणी मागं पसरतं त्या फुगवट्याच्या काठाला तिचं गाव. तिची डाळिंबाची बाग होती. बाग दाजींच्या नावावर, पण झाडं आक्काची, असं दाजी स्वतःच सांगत. दाजी भले माणूस. कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही, त्यामुळे त्यांच्या वाटचं नाही म्हणण्याचं कामसुद्धा आक्कालाच करावं लागे. तिची जीभ तिखट होती. मला चारचौघांत टोचून बोलायची तिला फार हौस. मी पन्नाशी ओलांडली तरी पाहुण्यांसमोर माझी ओळख "ह्यो लहानपणी माती खायचा" अशी करून द्यायची.

तीही सगळ्यांसारखीच झाडांवर साड्या टाकत असे. मग तिची गाय मेली. चांगली दुभती गाय, चार दिवस खाणं बंद, पोट फुगलेलं, डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी पोट उघडलं तर आतून कापड निघायला लागलं. आक्का सांगायची की डॉक्टर ओढत होते आणि ते संपतच नव्हतं, विहिरीतून दोर काढावा तसं येत होतं. त्यात एका काठावरची कुयरी तिनं ओळखली. ती साडी तिच्याच नणंदेनं कुठल्याशा वास्तुशांतीत दिलेली होती. त्या दिवसापासून आक्कानं देण्यातली साडी घ्यायचं आणि द्यायचं दोन्ही बंद केलं. झाडांना तिनं ज्वारीच्या कडब्याचं, उसाच्या पाचटाचं आच्छादन करून पाहिलं, ते वाऱ्यानं उडालं, फळाला चट्टे पडले, माल हलका गेला. तिनं पुन्हा केलं. शेजारचे हसले. शेवटी भाच्यानं बागेतल्या अर्ध्या ओळी स्वतःकडे घेतल्या आणि त्यांवर साड्या टाकल्या. उरलेल्या ओळी आईच्या हौसेच्या म्हणून त्यानं सोडून दिल्या.

खरी परीक्षा भाच्याच्या लग्नात झाली. आक्कानं पत्रिकेवर छापलं, कृपया आहेर आणू नये. पण हे वाक्य आमच्याकडे प्रत्येकाच्याच पत्रिकेवर असतं. त्याचा अर्थ आहेर आणा पण आम्ही मागितला असं म्हणू नका, असा होतो. ते वाचून कुणी आहेर न आणल्याचं उदाहरण माझ्या माहितीत नाही. लोक पिशव्या घेऊन आलेच. तेव्हा आक्का नवरदेवाची आई म्हणून मिरवायचं सोडून मांडवाच्या तोंडाला उभी राहिली आणि येईल त्याला हात जोडून पिशवी परत न्यायला सांगू लागली. काहींना गंमत वाटली, बऱ्याच जणांना राग आला. तिची नणंद तर न जेवता गेली. चार माणसांत माझी पिशवी परत केली, म्हणजे माझा मान परत केला, असं तिचं म्हणणं. त्या दिवसापासून तिनं भावजयीशी बोलणं टाकलं. आणि एवढं करूनही लग्न उरकल्यावर गोठ्यात वैरणीच्या मागं साड्यांच्या पिशव्यांचा ढीग सापडला. हळूच नेऊन ठेवलेल्या होत्या, कुणी ते कळायला मार्ग नाही.

पुढची वर्षं तिला जड गेली. साडी घेणं-देणं बंद म्हणजे जाणं-येणंच बंद, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. ओटी भरायला बायका तिला बोलावीनाशा झाल्या. तिला बोलावलं तर ती हात हलवत येणार आणि दिलेलं परत करणार, मग बोलवायचं कशाला. गावात तिला चिक्कट म्हणत. मी तिला एकदा म्हणालो की घेऊन टाकत जा, माळ्यावर ठेव, तुझ्या एकटीनं न घेतल्यानं गिरणी बंद पडणार आहे का? ती म्हणाली, गिरणी बंद पडणार नाही हे तिलाही कळतं, पण गाईच्या पोटातून निघालेलं तिनं डोळ्यांनी बघितलंय, मी बघितलेलं नाही.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. इलाजाला बारामतीत यावं लागे म्हणून ती काही महिने जळोचीला आमच्याकडेच राहिली. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. आमच्या समोर पूर्वी रान होतं, आता इमारती आहेत. त्या बघून ती म्हणायची की एवढ्या घरांत एवढी कपाटं, म्हणजे केवढ्या साड्या मावतील. अंगातली ताकद गेली तरी टोचून बोलणं गेलं नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. मी तिला काही सांगितलं नाही. पण तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

एका दुपारी मी जेवायला घरी आलो, तेव्हा ती म्हणाली, "मी गेले की लुगडं तू आणशील."

मी म्हणालो की असलं बोलायचं नाही.

"आणशीलच की. भावाचा मान हाय तो. सुती आण. अहेव जानार मी, म्हंजी हिरवं पाहिजे म्हंत्याल, तर हिरवं आण, पर सुती. आन् दुसऱ्या कुणाचं माझ्या अंगावर पडू दिऊ नको. जन्मभर न्हाय न्हाय म्हणत आले. मेल्यावर तोंड बंद असतंय, तवा लोकं डाव साधत्यात."

आमच्याकडची रीत अशी की बाई गेली म्हणजे माहेरचं लुगडं आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. त्या लुगड्यातच ती जाते. त्यावर मग येणारी प्रत्येक बाई आपली एकेक साडी टाकते, आणि नवरा मागं ठेवून गेलेली सवाष्ण असेल तर जास्तच. जितक्या साड्या तितकी तिला माणसं होती असं समजतात. सरणावर ठेवायच्या आधी त्या साड्या काढून नदीच्या काठाला टाकून देतात. अपशकुनी म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. त्या काठालाच कुजायला पडतात, पण कुजत नाहीत. पावसात पाणी चढलं की वाहून पंपांत जातात. गावोगावच्या घाटांखालच्या मोटारी मी किती वेळा खोलल्या असतील त्याला गणती नाही.

आणखी एक तिनं सांगितलं, "राख नदीत नको. माझ्या झाडांच्या बुडाला घाला. तेवढं तरी खत हुईल."

मी तिला शब्द दिला. खरं तर तिनं माझ्याकडे आयुष्यात हे एवढंच मागितलं होतं.

ती परत आपल्या घरी गेली आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी भाच्याचा फोन आला. मामा, या, एवढंच म्हणाला. लुगडं आधी घेऊन ठेवलेलं नव्हतं. जिवंत माणसाचं ते कसं आणून ठेवणार, मंडळींनी मला घरात पाऊल टाकू दिलं नसतं. दुकानं उघडेपर्यंत आम्ही बाजारात गाडीतच बसून राहिलो.

पहिल्या दुकानात गादीवरच्या माणसानं नेहमीप्रमाणे विचारलं, नेसायला का द्यायला? त्यानं माझ्या तोंडाकडे, मंडळींच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि समजून विचारलं की सवाष्ण का? मी मान हलवली. त्यानं हात लांब करून जवळच्या गठ्ठ्यातली हिरवी साडी काढून पुढे ठेवली. मी सुती मागितली, तर तो समजुतीच्या सुरात म्हणाला की तिथं कोण बघतंय, सगळे हीच नेतात. मला इतका संताप आला की मंडळींनी हाताला धरून खाली उतरवलं. त्याचा तरी काय दोष होता. तो खरंच बोलत होता.

पुढच्या दुकानांत सुती म्हणून जे दाखवलं ते सुती नव्हतं. वाइंडिंगवाल्याच्या बोटांना धागा कळतो. भाच्याचे फोन येत होते, माणसं उन्हात थांबली आहेत, दाजींचे चुलते तात्या रागावले आहेत. मंडळी म्हणाल्या की घ्या आता कोणतीही, आक्का समजून घेतील. मी म्हणालो, आक्का समजून घेणारी बाई नव्हती. शेवटी मंडईच्या मागच्या बोळात एका जुन्या दुकानात एक हिरवं इरकली लुगडं मिळालं, घडीवर रंग विटलेलं. हल्ली असलं कुणी मागत नाही, असं दुकानदार म्हणाला. त्यानं काय कारणासाठी पाहिजे ते विचारलं नाही. ते छातीशी धरून मी इंदापूरच्या रस्त्याला लागलो, आणि एवढं तरी मिळालं याचा मला त्या वेळी आनंद झाला होता. बहीण मेलेली आणि मला लुगडं मिळाल्याचा आनंद.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं, मळवट भरला. हिरव्या सुती लुगड्यात ती आमच्या आईसारखी दिसत होती. मला वाटलं, झालं आपलं काम. मग भिंतीकडे नजर गेली. भिंतीला लागून बायका बसल्या होत्या आणि जिच्या तिच्या मांडीवर पिशवी होती.

मी पुढे झालो आणि सगळ्यांना हात जोडून सांगितलं की आक्काची इच्छा होती, साड्या टाकू नका. पण कुणी पिशवी खाली ठेवली नाही. भाचेसून डोळ्याला पदर लावून माझ्याजवळ आली.

"मामा, सवाष्णीला एका लुगड्यात न्यायची? लोकं म्हंत्याल हिला कुणी नव्हतंच."

मी म्हणालो की म्हणू देत. दाजींकडे पाहिलं, ते खांबाला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मी तिच्या डोक्याशी उभा राहिलो, राखणीला उभे राहतात तसा. त्या वेळी माझा पक्का निश्चय होता आणि मी तो निभावला असता असं मला आजही वाटतं.

पण तेवढ्यात तिची नणंद आली. भाच्याच्या लग्नापासून या अंगणात पाय न ठेवलेली बाई. तिला दोघींनी धरून आणलं. गुडघे गेलेले, चेहरा सुजलेला. तिच्या हातात पिशवी होती, त्यात जांभळी साडी. ती माझ्यापुढे येऊन थांबली.

"जित्ती हुती तवा माझं घेतलं न्हाय तिनं. आता तरी घिऊ द्या तिला."

मी काय करायला पाहिजे होतं? सांगणाऱ्यांनी सांगावं. गाईचं सांगायचं होतं का, का पंख्यात अडकलेल्या चिंध्यांचं? त्या बाईच्या हातात साडी नव्हतीच, एवढ्या वर्षांचा अबोला होता आणि तो तिला खाली ठेवायचा होता. दुसरं काही घेऊन येता येतं हे आम्हा लोकांना ठाऊकच नाही. माया दाखवायची तर पिशवी, राग सोडायचा तर पिशवी, माफी मागायची तरी पिशवी. मी बाजूला झालो. तिनं जांभळी साडी लुगड्यावर पसरली आणि आक्काच्या पायावर डोकं ठेवून रडली. मग भिंतीकडच्या सगळ्या उठल्या. एकीची घेतली आणि दुसरीला कोणत्या तोंडानं अडवू? एकेक येत गेली, पिशवीतून साडी काढून टाकत गेली, पिशव्या वाऱ्यानं अंगणभर उडाल्या. थोड्या वेळात हिरवं कुठं दिसेना. तिचं तोंड तेवढं उघडं होतं, आणि ते कधी नव्हे ते गप्प होतं.

घाटावर तिला खाली ठेवलं तेव्हा मी तात्यांजवळ गेलो. गावातल्या मयतीत शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांना मी सांगितलं की या साड्या इथं काठाला टाकू देऊ नका, खाली मोटारी आहेत, गुरं येतात, आक्काला ते अजिबात आवडत नव्हतं. सकाळपासून माझ्यावर रागावलेला तो म्हातारा एकदम मऊ झाला. न्हाय टाकत, म्हणाला. माझ्या मनाला तेवढाच आधार वाटला. घरी परत नेतील, कुठं पुरतील, काहीतरी करतील असं मी धरून चाललो. कुठं नेतील हे विचारलं नाही. मी भाच्याबरोबर पाण्याचं मडकं भरायला काठाला उतरलो. फुगवटा मागं हटलेला, चिखल तुडवत बरंच आत जावं लागलं.

परत आलो तोवर सरण रचून झालं होतं. भाच्यानं फेरे घेतले, मडकं फोडलं, अग्नी दिला. जाळ एरवी खालून हळूहळू वर चढतो. हा एकदम भडकला आणि काळा धूर उठला. त्या धुराचा वास मला ओळखीचा होता. मोटार जळून आली की तिचं झाकण उघडल्यावर येतो तो. मी पुढे गेलो, तेव्हा लाकडांच्या फटीफटींतून मला जांभळं, गुलाबी, पिवळं दिसलं. सगळ्या साड्या आत कोंबलेल्या होत्या. त्या जळत नव्हत्या, आक्रसत होत्या, वितळत होत्या, आणि त्यांचे थेंब पेटतच खाली तिच्यावर पडत होते. लोक नाकाला उपरणं लावून मागं सरकले. माझ्या बहिणीच्या सरणापासून माणसं नाक धरून लांब गेली, आणि मीही गेलो, कारण तिथं श्वास घेता येत नव्हता.

तात्या माझ्याजवळ आले. "पाहुणं, तुमी म्हणाला तसं केलं. काठाला एक बी ठिवली न्हाय."

मी मान हलवली. म्हाताऱ्यानं माझा शब्द राखला होता.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. दूध-पाणी शिंपडून भाचा खाली बसला आणि अस्थी गोळा करू लागला. राखेत हात घालून तो थबकला. त्याच्या हातात एक काळा, चकचकीत गोळा होता, मुठीएवढा, कडेला जांभळट झाक असलेला. त्यात हाड रुतलेलं होतं. तसले अजून होते, लहानमोठे. त्यानं दगडानं ठोकून हाड सोडवायचा प्रयत्न केला. गोळा फुटेना, हाडच मोडायला लागलं. मग त्यानं दगड टाकून दिला. तात्या म्हणाले, घ्या तसंच. सगळं मडक्यात घेतलं.

बागेत गेलो. आक्काच्या ओळीतल्या पहिल्या झाडाखाली दाजींनी खुरप्यानं आळं मोकळं केलं. पलीकडे भाच्याच्या ओळींवरच्या साड्या वाऱ्यानं फडफडत होत्या. भाच्यानं मडकं कलतं केलं, राख पडली, मग तो थांबला आणि गोळ्यांकडे बघत म्हणाला, "मामा, ह्ये बी घालू?"

नदीत टाकायचे नव्हते. काठाला टाकायचे नव्हते. फेकून द्यायचे तर त्यात आक्का होती. ते ठेवायला जगात दुसरी कुठली जागा मला आठवली नाही. मी त्याला म्हणालो, घाल. दाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खुरपं खाली ठेवलं. दोन पाळ्या पाणी दिलं की राख मुरून जाईल. दोनचार पावसाळ्यांत हाडंही विरतील आणि आक्का त्या मातीत मिसळून जाईल. तिनं आयुष्यभर परत केलं ते मात्र तिथंच राहील, आता ते तिला परत करता येणार नाही. गोळे वर दिसत होते म्हणून मी हातानं उकरून ते खोल दाबले आणि त्यांवर माती लोटली.